बिल सापडलं, खातं सापडेना: एका कर सल्लागार कार्यालयातलं अ‍ॅक्टिव्हेशन प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कर सल्लागाराच्या कार्यालयात जुलै २०२४ मध्ये हे घडलं. ओळख पटू नये म्हणून माणसांची आणि दुकानांची नावं दिलेली नाहीत.

कार्यालय लहान आहे. स्वतः सल्लागार, म्हणजे सगळ्यांचे साहेब. जमाखर्च आणि जीएसटीचं काम वर्षानुवर्षं पाहणाऱ्या ताई. दोन शिकाऊ मुलं आणि चार संगणक. ताईंच्या संगणकावर सगळी भिस्त. अशिलांच्या एक्सेल फायली, मागच्या वर्षांची विवरणपत्रं, पॅन-आधारच्या प्रती, सगळं तिथेच. यूएसबीला कुणा ना कुणा अशिलाचं डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे संगणकावरून सही करायचं पेनड्राइव्हसारखं उपकरण, लावलेलं असायचं.

हा संगणक २०२१ मध्ये घेतलेला. कंपनीचा तयार डेस्कटॉप, विंडोज १० आतच आलेलं. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस (एक्सेल, वर्ड वगैरे) मात्र वेगळं विकत घेतलं होतं: 'होम अँड बिझनेस २०१९', एकदाच पैसे भरून कायमचं वापरायचं. त्याचं प्रॉडक्ट की, म्हणजे लायसन्स चालू करायची २५ अक्षरं, असलेलं कार्ड मिळालं होतं. विक्रेत्याने स्वतः बसून ते चालू करून दिलं. साहेबांनी कार्ड आणि पक्कं बिल फायलीला लावून ठेवलं. पण ऑफिस कुठल्या ईमेलच्या खात्यावर चालू झालं, हे विक्रेत्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तीन वर्षं त्यावाचून काही अडलं नाही.

जूनमध्ये एका संध्याकाळी वीज कडाडली आणि मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचा मुख्य बोर्ड, गेला. वॉरंटी संपली होती. गावातल्या दुरुस्तीवाल्याने बाजारात मिळाला तो बोर्ड बसवला, विंडोज नव्याने टाकलं, ऑफिसही टाकून दिलं. बिलावर दोनच ओळी होत्या: 'बोर्ड' आणि 'सॉफ्टवेअर'. संगणक चालू झाला म्हटल्यावर सगळे कामाला लागले.

अडचण

जुलैचा दुसरा आठवडा. जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची, ११ तारीख तोंडावर, आयकर विवरणपत्रांची ३१ जुलै पुढे दिसतेय, पहिल्या तिमाहीचं टीडीएस विवरणपत्रही त्याच तारखेला. अशा वेळी ताईंच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' अशी फिकट अक्षरं उमटली, म्हणजे विंडोजचं लायसन्स कंपनीकडे पडताळलेलं नाही. त्यांनी दुर्लक्ष केलं, काम चालू होतं. दुसऱ्या दिवशी एक्सेल उघडलं तर वर लाल पट्टी: अ‍ॅक्टिव्हेशन अयशस्वी. फाइल उघडत होती, वाचता येत होती, छापताही येत होती. आकडा बदलायला जावं तर बटणं करडी.

साहेब त्या दिवशी साताऱ्याला सुनावणीला गेले होते. ताईंनी मोबाइलवर 'ऑफिस अ‍ॅक्टिव्हेशन हेल्पलाइन नंबर' असं शोधलं. सगळ्यात वर जाहिरात आली, तिच्यावर कंपनीचं चिन्ह आणि एक क्रमांक होता. त्यांनी तो लावला.

पलीकडचा माणूस हिंदीत, अतिशय अदबीने बोलत होता. त्याने एक अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगितलं, त्यातला आकडा विचारला आणि संगणकाचा ताबा घेतला. मग त्याने 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून लाल खुणांची लांबलचक यादी दाखवली: "मॅडम, तुमच्या सिस्टिममध्ये एवढे व्हायरस आहेत, म्हणून लायसन्स बंद पडलं." ताई घाबरल्या. इथे सांगायला हवं की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल खुणा प्रत्येक संगणकात असतात, अगदी काल घेतलेल्या नव्या संगणकातही. विंडोज आपल्या बारीकसारीक कुरबुरींची तिथे नोंद ठेवतं. ज्याला हे माहीत नाही त्याला ती यादी पाहून धडकी भरणारच, आणि फसवणारा नेमका त्यावरच खेळतो.

पुढे त्याने पाच वर्षांच्या लायसन्सचे चार हजारांच्या वर रुपये मागितले आणि पैसे भरायला याच संगणकावर नेट बँकिंग उघडा, असं सांगितलं. तिथे ताई थबकल्या. बँकेचा पासवर्ड दुसरा कुणी पाहत असताना टाकायचा नाही, हे साहेबांनी सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसवलेलं होतं. त्यांनी फोन कापला आणि संगणकाच्या मागची इंटरनेटची वायर उपटली. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय मी हाच मानतो. तो एका साध्या नियमामुळे झाला, संगणकाच्या ज्ञानामुळे नव्हे.

संगणकाच्या अडचणी पाहणारा म्हणून साहेबांचा मला फोन आला तो यानंतर.

आधी निदान

मी पोचलो तेव्हा तिघांचे तीन अंदाज होते. दुरुस्तीवाला फोनवर म्हणत होता, "साहेब, अपडेटमुळे होतं, येऊन परत टाकून देतो." शिकाऊ मुलगा म्हणत होता, ऑनलाइन पाचशे रुपयांत प्रॉडक्ट की मिळते. साहेब म्हणत होते, बिल आहे ना आपल्याकडे, मग कंपनीने चालू करून द्यायला हवं.

साहेबांचं म्हणणं रास्त होतं. पण मदतकक्षाशी बोलण्याआधी आपल्याकडे नेमकं कुठल्या प्रकारचं लायसन्स आहे आणि ते कुणाच्या नावावर आहे, हे माहीत नसेल तर ते संभाषण पुढे सरकत नाही. म्हणून इंटरनेटची वायर काढलेलीच ठेवून मी आधी दोन गोष्टी पाहिल्या.

विंडोजसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएलएमजीआर', मग तिरपी रेघ आणि 'डीएलआय' एवढं लिहिलं की छोटी चौकट येते. त्यात प्रॉडक्ट कीची शेवटची पाच अक्षरं आणि लायसन्सचा प्रकार दिसतो. इथे प्रकार होता 'व्हॉल्यूम, एमएके'. म्हणजे एखाद्या मोठ्या संस्थेला ठरावीक संख्येच्या संगणकांसाठी दिलेली प्रॉडक्ट की. ती कुठून तरी बाहेर फुटली, गावोगावच्या संगणकांत पडली आणि शेवटी रोखली गेली. दुरुस्तीवाल्याने तीच टाकली होती.

ऑफिसमध्ये 'फाइल' आणि मग 'अकाउंट' उघडलं. नाव दिसलं 'प्रोफेशनल प्लस'. साहेबांनी घेतलं होतं 'होम अँड बिझनेस'. बंद पडलेलं ऑफिस साहेबांचं नव्हतंच. त्यांचं खरं लायसन्स शाबूत होतं, फक्त कुठल्या खात्यात पडून आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

आणि संगणकासोबत आलेलं मूळ विंडोज? ते जुन्या बोर्डाबरोबर गेलं. विंडोज ८ पासून तयार संगणकांत प्रॉडक्ट की मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहिलेली असते. कंपनीने वॉरंटीत तोच बोर्ड बदलून दिला तर लायसन्स पुढे चालतं. बाहेरून दुसरा बोर्ड बसवला तर मायक्रोसॉफ्टच्या नियमांत तो नवा संगणक ठरतो. सुटं विकत घेतलेलं, ज्याला रिटेल म्हणतात ते, जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येतं. हा फरक दुरुस्तीच्या दिवशी कुणी सांगितला असता, तर साहेबांनी विंडोजचा खर्च धरूनच दुरुस्ती करावी की नवा संगणक घ्यावा, हे ठरवलं असतं.

कोणते पर्याय होते

दुरुस्तीवाल्याचा पर्याय फुकटचा आणि तासाभरात होणारा होता. त्याला 'केएमएस'ची चोरटी युक्ती वापरायची होती. केएमएस ही मुळात मोठ्या कार्यालयांसाठीची खरी व्यवस्था आहे. कार्यालयाच्या स्वतःच्या सर्व्हरवरून संगणक चालू होतात आणि दर १८० दिवसांच्या आत त्यांना नूतनीकरण घ्यावं लागतं. पण विंडोजसाठी ती किमान २५ संगणक असल्याशिवाय चालतच नाही. चार संगणकांच्या कार्यालयात कुणी केएमएस लावून देतो म्हणत असेल तर ते खरं असूच शकत नाही. शिवाय ती युक्ती चालवायला आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या संगणकावर शेकडो अशिलांचे पॅन आणि बँक खाती आहेत, त्यावर अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम अँटीव्हायरस बंद करून चालवायचा? साहेबांनी ऐकताक्षणी नाही म्हटलं.

पाचशे रुपयांच्या प्रॉडक्ट कीबद्दल मात्र चर्चा झाली, कारण ती फसवणूक वाटत नाही. पैसे दिले जातात, ईमेलवर अक्षरं येतात, आणि बहुतेक वेळा ती चालतातही. माझं मत मी ठामपणे मांडलं: आज चालली यावरून ती आपली आहे असं सिद्ध होत नाही. दुरुस्तीवाल्याची प्रॉडक्ट कीसुद्धा पहिले काही आठवडे छान चालली होती. विक्रेत्याचं पक्कं बिल नाही, लायसन्सचा प्रकार लिहिलेला नाही, उद्या बंद पडली तर कंपनीच्या मदतकक्षाला दाखवायला हातात काही नाही.

सगळंच नवं घ्यायचं, विंडोजही आणि ऑफिसही, हा सरळ मार्ग होता. साहेब त्यालाही तयार झाले होते, इतका तारखांचा दबाव. पण पैसे देऊन घेतलेलं ऑफिस सोडून द्यायला मन घेईना. शेवटी असं ठरलं: विंडोज नवं घ्यायचं, कारण जुनं परत मिळण्याचा मार्गच नाही. ऑफिसचं खातं मात्र शोधायचं. तोवर दुसऱ्या संगणकावरचं एक्सेल ताईंना द्यायचं आणि मुलांनी लिब्रेऑफिसवर काम करायचं. ते फुकट आहे आणि एक्सेलच्या साध्या फायली त्यात नीट उघडतात. मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचना, असलेल्या फायलींचा भरवसा नसतो, म्हणून त्या फक्त ताईंनी हाताळायच्या.

हा तात्पुरता बंदोबस्त आधी झाला म्हणून पुढची शोधाशोध शांतपणे करता आली. काम अडलेलं असताना माणूस मिळेल तो क्रमांक फिरवतो.

काय केलं

आधी त्या बनावट फोनचं निस्तरलं. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून ईमेल, बँक, आयकर आणि जीएसटी पोर्टलचे पासवर्ड बदलले. बँकेला कळवलं. पैसे गेले नव्हते, तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर त्या क्रमांकाची तक्रार केली. पैसे गेले असते तर त्याच क्षणी १९३० वर फोन करायला हवा होता, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आली तरच उपयोग. असल्या बनावट मदतकक्षांच्या टोळ्यांवर सीबीआयने ऑक्टोबर २०२३ मध्ये 'ऑपरेशन चक्र-२' खाली देशभर छापे घातले होते, तरी हा धंदा थांबलेला नाही.

खरा प्रश्न होता त्या संगणकाचा. अनोळखी माणसाकडे त्याचा ताबा होता, तेवढ्या वेळात त्याने काय पाहिलं, काय ठेवून दिलं, हे खात्रीने सांगता येत नव्हतं. ते अ‍ॅप काढून टाकून भागवणं मला पटेना. फायली बाहेरच्या डिस्कवर घेऊन तपासल्या आणि संगणक पूर्ण पुसला. विंडोज तसंही नव्याने टाकायचं होतं.

त्या वेळी एका अशिलाचं सहीचं टोकन यूएसबीला लावलेलं होतं. पिनशिवाय सही होत नाही आणि पिन कुणी टाकला नव्हता. तरी त्या अशिलाला सांगायचं की नाही, यावर साहेब बराच वेळ विचार करत बसले. सांगितलं तर विश्वास डळमळेल अशी भीती. शेवटी त्यांनी स्वतः फोन करून झालेलं सगळं सांगितलं. अशील नाराज झाले, पण टिकले.

विंडोज ११ प्रोचं रिटेल लायसन्स अधिकृत विक्रेत्याकडून जीएसटी बिलासह घेतलं. नवा बोर्ड आणि प्रोसेसर त्याला चालणारे होते. प्रॉडक्ट की टाकताना ताई वाचत होत्या, मी टाइप करत होतो. पहिल्यांदा ती अवैध ठरली. छपाई बारीक होती आणि एका जागी 'बी' होता की आठ, हे कळत नव्हतं. या २५ अक्षरांत शून्य आणि 'ओ', एक आणि 'आय' ही जोडगोळी मुळातच वापरत नाहीत, गोंधळ होऊ नये म्हणून. पण 'बी' आणि आठ, 'जी' आणि सहा हे दोन्ही येतात. मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहिला, आठ होता. 'प्रॉडक्ट की चालत नाही' म्हणून मदतकक्षाला फोन लावण्याआधी हे एकदा करून पाहण्यासारखं आहे. त्यानंतर विंडोज लगेच चालू झालं, आणि कार्यालयाच्या नावाने नवं मायक्रोसॉफ्ट खातं काढून ते लायसन्स त्याला जोडलं. पुढे हार्डवेअर बदललं तर सेटिंगमधल्या ट्रबलशूटरला (अडचण सोडवणाऱ्या सोयीला) या जोडणीवरून ओळख पटवता येते.

आता ऑफिस. कार्डावरची प्रॉडक्ट की संकेतस्थळावर टाकली तर ती आधीच वापरलेली असल्याचं उत्तर आलं, आणि ते अपेक्षितच होतं. ऑफिस २०१३ पासून रिटेल प्रॉडक्ट की एकदा खात्यात जमा झाली की पुढचं सगळं त्या खात्यावर चालतं. त्यामुळे कार्ड जपून ठेवण्याइतकंच खातं जपणं गरजेचं होतं. २०२१ चा विक्रेता दुकान बंद करून गेलेला. मायक्रोसॉफ्टच्या खाते-शोध पानावर मोबाइल क्रमांक किंवा ईमेल टाकला की त्यावर कोड येतो आणि त्याला जोडलेल्या खात्यांची नावं दिसतात. साहेबांचा क्रमांक टाकून पाहिला, ताईंचा टाकला, काही लागलं नाही. मग ताईंना आठवलं की त्या दिवशी विक्रेत्यासमोर एक लेखनिक मुलगी बसली होती आणि तिच्या मोबाइलवर काहीतरी संदेश आला होता. ती आता पुण्यात नोकरीला.

साहेबांनी फोन केला: "अगं, तुझ्या मोबाइलवर एक कोड येईल, तो सांग." पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "सर, राग मानू नका, पण तुम्ही मला व्हिडिओ कॉल करा, मग सांगते." साहेब खूश झाले, हे याच कार्यालयात शिकलेलं होतं. व्हिडिओवर साहेबांचा चेहरा आणि मागचं कपाट पाहिल्यावर तिने कोड सांगितला. खात्याचं नाव मिळालं, दुसऱ्या कोडवर पासवर्ड बदलला, आणि आत 'होम अँड बिझनेस २०१९' साहेबांची वाट पाहत होतं. लगोलग तिचा क्रमांक काढून साहेबांचा घातला.

ऑफिस उतरवून घेतलं, तरी अ‍ॅक्टिव्हेशन अडलं: एका संगणकाची मर्यादा जुन्या बोर्डावर खर्च झाली होती. आता खरोखर मदतकक्षाची गरज होती. कुठलाही क्रमांक न शोधता विंडोजमधल्याच 'गेट हेल्प'मधून, त्याच खात्याने आत जाऊन चॅट सुरू केलं. मी आधीच चार ओळी लिहून ठेवल्या होत्या: कुठलं उत्पादन, कुठल्या खात्यात, मदरबोर्ड कधी आणि का बदलला, आता कुठला संदेश येतो. सोबत बिल आणि कार्डाचे फोटो. तिथल्या माणसाने बिलाची तारीख आणि खातं ताडून पाहिलं, काही पावलं करायला सांगितली आणि ऑफिस चालू झालं. पैशांचा विषय निघालाच नाही. खऱ्या मदतकक्षाचे लोकही कधी कधी पडदा पाहण्याची परवानगी मागतात, त्यामुळे तेवढ्यावरून खरं-खोटं ठरत नाही. संभाषण आपण कुठून सुरू केलं आणि चालू करून द्यायला पैसे मागतात का, यावरून ठरतं.

परिणाम

११ तारखेची जीएसटीआर-१ वेळेत गेली, जुलैअखेरची विवरणपत्रंही. दुरुस्तीवाल्याकडून 'सॉफ्टवेअर'च्या ओळीचे पैसे साहेबांनी परत मागितले. सुरुवातीला तो कां-कू करत होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा, १९१५ चा, उल्लेख झाल्यावर दिले. ग्राहक आयोगापर्यंत जावं का, हा विचार झाला. रक्कम लहान आणि बिलावर विंडोजचं नावही नाही, म्हणून तिथेच थांबले. मला वाटतं बिलात नीट लिहिलेलं असतं तर जायला हवं होतं.

उरलेले तीन संगणकही तपासले. मुलांच्या लॅपटॉपवर सोबत आलेलं 'होम अँड स्टुडंट' होतं. ते व्यावसायिक कामासाठी नसतं. मुलं लिब्रेऑफिसवरच राहिली.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात दुरुस्तीच्या दिवसापासून करावी लागते. बोर्ड बदलतोय म्हटल्यावर "विंडोज कुठलं टाकणार, बिलावर लिहून द्या" एवढं विचारलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. फिकट अक्षरं दिसली त्याच दिवशी साहेबांना सांगायला हवं होतं. ऑफिस बंद पडायला तेव्हा एक दिवस होता, आणि साहेब गावात होते.

ताईंना दोष द्यायला मी तयार नाही. अडलेल्या माणसाने हेल्पलाइन शोधणं स्वाभाविक आहे. कार्यालयात अडचणीच्या वेळी कुणाला विचारायचं हे लिहिलेलं नव्हतं, ही खरी उणीव. ते आता लिहिलं आहे: कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक तक्ता, त्यात प्रत्येक संगणकाचं विंडोज आणि ऑफिस, प्रकार, बिलाची तारीख, कुठल्या खात्यात, कोड कुणाच्या मोबाइलवर. पासवर्ड मात्र त्यात नाहीत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० आणि ऑफिस २०१९ या दोन्हींना कंपनीकडून मिळणारी अपडेट आणि मदत एकाच दिवशी संपली. ताईंच्या संगणकावर विंडोज ११ असल्याने तो प्रश्न नव्हता. ऑफिस नवं घेतलं, या वेळी कार्यालयाच्याच खात्यावर, आणि तक्त्यात त्याच दिवशी ओळ घातली. तेव्हा लक्षात आलं की त्या खात्याचा कोड फक्त साहेबांच्या मोबाइलवर येतो, आणि साहेब सुनावणीला गेले की फोन बंद असतो. मग ताईंचा क्रमांकही जोडला.